जुनी लाइफबोट घेतलीय? सॅंडर आत्ता हातात घेऊ नका

ब्रिटनमध्ये आरएनएलआय, म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवणाऱ्या संस्थेच्या ताफ्यातून कधीच्याच बाद झालेल्या लाकडी लाइफबोटी आजही विकायला निघतात, कुठे खाडीच्या चिखलात कलंडलेल्या, कुठे बोटयार्डाच्या कोपऱ्यात फाटक्या ताडपत्रीखाली, आणि किंमत ऐकून माणूस हुरळतो कारण बोट स्वस्तच असते, कधी कधी तर "घेऊन जा एकदाची" म्हणत फुकटही देतात. महाग काय असतं तर यार्डातली जागा, क्रेन आणि पुढची पाच-सात वर्षं. मी सुतार नाही, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शनिवारी चार-पाच जणांच्या टोळक्यासोबत अशाच एका बोटीवर हात काळे करतो, तेव्हा खाली लिहिलंय ते बरंचसं चुका करून कळलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी झाली. उत्साहात सॅंडर, म्हणजे रंग घासून काढायचं यंत्र, लावला आणि केबिनची एक अख्खी बाजू दुपारपर्यंत लाकडापर्यंत साफ केली, सगळे स्वतःवर खूश, तेवढ्यात आमच्यातला जन्मभर यार्डात काम केलेला एक जण आला, जमिनीवरची धूळ बोटाने उचलली आणि विचारलं, खालचा रंग कुठला होता? कुणालाच सांगता येईना. धुळीत निळा, केशरी, करडा सगळं एकत्र. बोटीची कित्येक वर्षं त्या भिंतीवर होती आणि ती आम्ही व्हॅक्यूम क्लीनरमध्ये भरून टाकली. वर त्या जुन्या रंगात शिसं असतं हे तर डोक्यातही नव्हतं.

म्हणून हत्यारं नंतर. आधी आपली बोट कोण आहे ते शोधा, आणि हे हौस म्हणून नाही, बोट कुठे कुजली असेल ते तिचा इतिहासच सांगतो.

सुरुवात नंबरापासून. आरएनएलआयच्या प्रत्येक मोठ्या बोटीला एक ऑफिशियल नंबर असायचा, ज्याला लोक नुसतं ओएन म्हणतात, बहुधा तीन किंवा चार आकडी. गोंधळ इथे होतो की बोट विकली गेल्यावर नव्या मालकाने ब्रिटिश जहाज रजिस्टरमध्ये नोंदवली असेल तर तिथेही मिळणाऱ्या नंबराला ऑफिशियल नंबरच म्हणतात, तो साधारण सहा आकडी असतो आणि मुख्य तुळईवर कोरलेला सापडतो. लोक हा नंबर घेऊन लाइफबोटीच्या यादीत शोधत बसतात आणि काही मिळत नाही म्हणून हताश होतात. दोन्ही नंबर वेगळे, दोन्ही लिहून ठेवा, कारण पहिला सांगतो नोकरीत असतानाचं आयुष्य आणि दुसरा सांगतो निवृत्तीनंतरचं. बोटीचं आत्ताचं नाव बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं, विकल्यावर नाव बदलणं हा रिवाजच आहे. बांधणाऱ्या यार्डाची पितळी पाटी सापडली तर सोन्याहून पिवळं. काउझचं जे. सॅम्युएल व्हाइट, तिथलंच ग्रोव्ह्ज अँड गटरिज, लिटलहॅम्प्टनचं विल्यम ऑस्बोर्न, ही त्यातली नेहमी दिसणारी नावं, आणि पाटीवरच्या यार्ड नंबरावरूनही ओएन काढता येतो.

एकदा ओएन हातात आला की मग मजा आहे. संस्थेचं द लाइफबोट हे नियतकालिक १८५२ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, त्यात बोट किनाऱ्यावरच्या कुठल्या लाइफबोट स्टेशनवर गेली, कुणाच्या मृत्युपत्रातल्या पैशातून बांधली, कुठल्या वादळात कुणाला वाचवलं हे सगळं सापडतं. स्टेशनच्या बोटघरात लाकडी सर्व्हिस बोर्ड लावलेले असतात, तारीख, जहाजाचं नाव आणि किती जीव वाचवले, एवढंच, रंगाने रेखलेल्या अक्षरांत. आमच्या बोटीच्या बोर्डावर एका ओळीत जीव वाचवले शून्य असं होतं आणि त्याच तारखेचं गावातलं जुनं वर्तमानपत्र काढलं तर कळलं की बोट त्या रात्री चौदा तास समुद्रात होती, फक्त पोचेपर्यंत कुणी उरलं नव्हतं. म्हणून बोर्डावर थांबू नका, वर्तमानपत्रं चाळाच.

मालकांच्या गोष्टींवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. आम्हाला विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की ही डंकर्कला गेलेली बोट आहे. १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेल्या दोस्त सैनिकांच्या सुटकेला आरएनएलआयच्या १९ लाइफबोटी गेल्या, त्यातल्या रॅम्सगेट आणि मार्गेटच्या दोन आपल्याच क्रूसोबत आणि बाकीच्या नौदलाने ताब्यात घेऊन नेल्या, म्हणजे यादी पक्की आहे, तपासायला पाच मिनिटं लागतात. आमची बोट तर युद्ध संपल्यावर बांधलेली निघाली.

आता प्रकार ओळखा. फार मागे जात नाही, १८२४ मध्ये विल्यम हिलरींच्या पुढाकाराने संस्था सुरू झाली, १८५४ मध्ये आरएनएलआय हे नाव पडलं, तोवर सगळा कारभार वल्ह्यांवर आणि शिडांवर, आणि १९०४ च्या सुमारास पहिल्यांदा पेट्रोल इंजिन बसवून प्रयोग केला. तुमच्या हाती लागणारी बोट बहुधा विसाव्या शतकातली मोटर लाइफबोट असेल, म्हणजे लिव्हरपूल, वॉटसन, ओकली अशा कुठल्यातरी प्रकारातली. जॉर्ज लेनॉक्स वॉटसन हे १८८७ पासून संस्थेचे सल्लागार डिझायनर, उलटून सरळ होणाऱ्या अरुंद बोटीपेक्षा मुळात उलटणारच नाही अशी रुंद स्थिर बोट बरी हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या नावाच्या बोटी १९६० च्या दशकापर्यंत बांधल्या जात होत्या. रिचर्ड ओकलींची १९५८ ची बोट वेगळ्या डोक्याची, तिच्या टाकीत समुद्राचं पाणी घ्यायचं आणि बोट उलटली की ते पाणी एका बाजूच्या टाकीत धावून तिला परत सरळ करायचं. म्हणजे ओकली घेत असाल तर त्या टाक्या आणि झडपा आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, तिथे वर्षानुवर्षं ओल साठलेली असते.

बोट पाण्यात कशी उतरवायची यावरूनही झीज ठरते. स्लिपवेवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या उतारावरून, घसरत जाणारी बोट असेल तर मधली कील (बोटीचा तळाचा कणा) आणि बाजूच्या बिल्ज कील घासून झिजलेल्या असतात, वाळूवरून गाडीवर ठेवून ओढली जाणारी असेल तर तळ आणि टेकण लागायचं त्या जागा ठेचलेल्या, आणि कायम नांगरून ठेवलेली असेल तर पाण्याखालचा भाग किडीसाठी आणि धातूच्या गंजासाठी बघायचा. स्टेशनचं नाव कळलं की या तीनपैकी कुठली ते कळतं आणि टॉर्च नेमका कुठे मारायचा तेही.

यानंतर एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो रंगाचा डबा आणण्याआधी घ्या, बोट कुठल्या सालची दिसायला हवी? आमच्यात यावरून दोन महिने भांडणं झाली. बोट जशी बांधली तशी करायची असं अर्ध्या लोकांचं म्हणणं, उघडा कॉकपिट, केशरी रंग नाही, रडार नाही. पण मधल्या काळात जे बदल झाले ते कुणी शोभेसाठी केले नव्हते. १९६९ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉंगहोप स्टेशनची वॉटसन बोट उलटली आणि आठही जण गेले, १९७० मध्ये फ्रेझरबर्गची उलटली, पाच गेले, आणि त्यानंतर नवी बोट स्वतःहून सरळ होणारीच हवी असं ठरलं आणि जुन्या वॉटसन बोटींच्या केबिनवर एअरबॅग बसवल्या गेल्या, बोट उलटली की फुगून तिला सरळ करणाऱ्या. आता कुणाला ती छतावरची बेढब पेटी कुरूप वाटते म्हणून काढून फेकली तर तेरा माणसांच्या मरणातून आलेली गोष्ट भंगारात गेली ना. मी ठेवायच्या बाजूने होतो, शेवटी ठेवली. (पेटीत जुना गॅसचा सिलिंडर असेल तर स्वतः हात लावू नका, माहीतगाराकडून रिकामा करून घ्या.)

बोट ३३ फुटांहून लांब, पन्नास वर्षांहून जुनी आणि बऱ्यापैकी मूळ अवस्थेत असेल तर नॅशनल हिस्टॉरिक शिप्स या ब्रिटिश संस्थेच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद होऊ शकते, निधी मागायला त्याचा उपयोग होतो, आणि त्यांची कामाची तत्त्वंही वाचून घ्या.

आता रंग. सॅंडर अजूनही नाहीच. केबिनवर, हलवर (बोटीच्या बाहेरच्या अंगावर), डेकवर अशा लपलेल्या दोन-तीन जागा निवडा, हाताएवढा चौकोन आखा आणि ओल्या वॉटर पेपरने गोल गोल अगदी हलक्या हाताने घासा, मधे जास्त, कडेला कमी. थोड्या वेळाने झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसायला लागतात, बाहेर सगळ्यात नवा थर, मधे लाकूड. त्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि थर मोजून वहीत लिहा. आम्हाला दुसऱ्या बाजूला हे केल्यावर केशरीखाली करडा मिळाला आणि कुठल्यातरी खाजगी मालकाने मधेच लावलेला पिवळाही. घासताना ओलंच घासा, पी३ फिल्टरचा मास्क लावा, ते कपडे घरी नेऊन सगळ्यांबरोबर धुऊ नका. एक्झॉस्टच्या पाइपाभोवती पांढरट गुंडाळी दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, तिथे थांबायचं आणि तपासणी करून परवानाधारक लोकांना बोलवायचं, इथे काटकसर नको.

मग बोटीला नीट टेकवा. वॉटसन म्हणजे वीस टनांच्या घरातला ऐवज, तो चुकीच्या ठोकळ्यांवर दोन वर्षं उभा राहिला तर कणा वाकतो, दोन्ही टोकं खाली आणि मध्य वर. कीलच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बारीक दोरी ताणा आणि मधे किती फरक येतो ते मोजून कीलवरच खडूने तारखेसह लिहा, दर महिन्याला परत मोजा. सगळं वजन कीलखालच्या ठोकळ्यांवर हवं, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. आणि वरून छप्पर घाला, पावसापासून, कारण खारं पाणी लाकडाला एवढं मारत नाही जेवढं गोडं पाणी मारतं. समुद्रात पन्नास वर्षं टिकलेली बोट यार्डात ताडपत्रीच्या एका भोकाखाली पाच वर्षांत कुजते. मात्र गच्च बांधू नका, हवा खेळली पाहिजे.

लाकूड तपासायला छोटी हातोडी आणि बोथट टोचा पुरतो. ठोकत जा, चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं धप्प, आणि फरक पहिल्या दहा मिनिटांत कानाला कळायला लागतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही, पण मीठ मुरलेल्या लाकडात मीटर उगाच जास्त आकडा दाखवतो तेव्हा मीटरपेक्षा कान खरा धरा. अजून एक जागा जी लोक हमखास सोडतात, झिंक ॲनोडच्या, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजायला लावलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांच्या, बोल्टांभोवतीचं आतलं लाकूड. तिथे पांढरी भुरभुरीत बुरशीसारखी पूड आणि लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं तंतू तंतू सुटलेलं दिसलं तर ती बुरशी नाही, ॲनोड गरजेपेक्षा जास्त लावल्याने विजेच्या रासायनिक क्रियेत तयार झालेला क्षार आहे. म्हणजे बोट वाचवायला लावलेल्या वस्तूनेच खाल्ली. आमच्याकडे अशा नऊ जागा निघाल्या.

आता खरं सुतारकाम. या बोटी बहुतेक डबल डायगोनल असतात, म्हणजे महोगनीच्या पातळ फळ्यांचे दोन थर, आतला एका तिरक्या दिशेने आणि बाहेरचा उलट्या तिरक्या, मधे तेलात आणि व्हाइट लेडमध्ये (शिशाच्या पांढऱ्या लेपात) भिजवलेलं कापड, आणि सगळं तांब्याच्या खिळ्यांनी शिवलेलं. ताकद जबरदस्त, पण दुरुस्तीला वैताग, कारण आतल्या थरातली एक फळी बदलायची तर बाहेरच्या थरातल्या तिला आडव्या जाणाऱ्या सात-आठ फळ्या काढाव्या लागतात. काढताना प्रत्येक फळीला नंबर टाका, जुनी फळी फेकू नका, तोच तुमचा साचा. सांधे एका ओळीत आणू नका, पायऱ्यांसारखे सरकवत न्या. कापडाच्या जागी आम्ही लवचिक राहणारा पॉलियुरेथेन सीलंट वापरला, कारण व्हाइट लेड आता सहज मिळत नाही आणि मिळालं तरी हाताळायची हौस नाही. आणि कुणी सांगितलं की वरून फायबरग्लासचं कवच चढवा, गळती कायमची बंद, तर हसून विषय बदला. कवचाच्या आत पाणी अडकतं आणि बोट आतल्या आत कुजते, बाहेरून मात्र चकचकीत.

खिळा मारणं हे दोघांचं काम. आधी खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडा, नाहीतर फळी चिरते. बाहेरून चौकोनी तांब्याचा खिळा ठोकायचा, मग बाहेरचा माणूस त्याच्या डोक्यावर जड लोखंडी डॉली दाबून धरतो आणि आतला माणूस, जो बहुतेक वेळा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, गुडघे दुमडून टॉर्च दातात धरून बसलेला असतो, खिळ्याच्या टोकावर खोलगट तांब्याची चकती, तिला रोव्ह म्हणतात, पोकळ पंचाने खाली बसवतो, उरलेलं टोक खिळ्याच्या जाडीएवढं ठेवून कापतो आणि गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके टोले देत ते पसरवतो. जोरात मारलं तर खिळा लाकडाच्या आत वाकतो आणि वरून काहीच कळत नाही. नीट बसला की आवाज बदलतो, पोकळ टकटक जाऊन एकदम भरीव होतो, आणि बाहेरच्यालाही डॉलीतून हाताला ते जाणवतं. पहिल्या दिवशी आम्ही चार तासांत बावीस खिळे मारले, त्यातले सहा परत काढले. मध्ये भिंत असल्याने खाणाखुणा चालत नाहीत, म्हणून दोन टोले म्हणजे धर, एक म्हणजे सोड, असं काहीतरी आधीच ठरवून घ्या.

आतल्या बरगड्या बदलायच्या असतील तर वाफेवर वाकवाव्या लागतात. मूळ लाकूड रॉक एल्म, ते आता मिळणं महाकठीण, हिरवा, म्हणजे ताजा न वाळवलेला ओक चालतो, भट्टीत वाळवलेला मात्र घेऊ नका, तो मोडतो. एक इंच जाडीला एक तास वाफ हा अंदाज, आणि पेटीतून बाहेर काढल्यावर तुमच्याकडे अर्धा मिनिट असतं, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून जागेवर ठेवा आणि फोन बाजूला.

डेकखाली आणि बाजूंना लाकडी हवेच्या पेट्या सापडतील, मोठ्या बोटीत शंभराहून जास्त, बोट पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून ठासून भरलेल्या. प्रत्येक पेटी त्या त्या कोपऱ्याच्या आकाराची, त्यामुळे काढताना नंबर, फोटो आणि दिशेचा बाण, तिन्ही हवंच. आम्ही बाण विसरलो. परत बसवायला तीन शनिवार गेले. आणि जागा मिळते म्हणून तिथे पलंग टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो, घ्या निर्णय, पण पेट्या जाळू नका, निदान कुठेतरी साठवून ठेवा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गार्डनर कंपनीचं असेल तर नशीबवान, सुटे भाग अजून मिळतात. किल्ली फिरवण्याआधी जुनं डिझेल आणि तेल काढा, डिकॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधला दाब सोडणारे) लिव्हर उघडून इंजिन हाताने फिरतंय का बघा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबर बदला. इंजिनरूममध्ये पाणी भरलं तरी चालू राहावं म्हणून ही इंजिनं आणि त्यांची हवेची वाट सगळं खास सीलबंद केलेलं असायचं, ती सीलं आणि झाकणं कचऱ्यात टाकू नका.

शेवटी रंग लावताना एक पथ्य. निळा हल, केशरी केबिन हे रंग ठीक, पण आरएनएलआयची अक्षरं आणि झेंडा संस्थेचे आहेत, विचारल्याशिवाय लावायचे नाहीत, आणि बोट घेताना विक्रीच्या कागदांत काय अट आहे तेही वाचा. यामागे साधी भीती आहे, बुडणारा माणूस लांबून तुमची बोट बघेल आणि मदत आली समजेल.

पाण्यात उतरवायच्या आठवडाभर आधी आतून बाहेरून गोणपाट टाकून खाऱ्या पाण्याने भिजवत राहा, वाळलेलं लाकूड फुगायला वेळ लागतो. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा की पट्टे लगेच सोडायचे नाहीत, रात्रभर बोट पट्ट्यांत लटकत पाण्यात राहणार, आणि त्याचे जास्तीचे पैसे द्या, कुरकुर न करता. दोन पंप लावा, दोन्ही वेगळ्या बॅटरीवर. आमचा पहिल्या रात्री दर वीस मिनिटांनी चालू होत होता, आम्ही पाळीपाळीने जागून वहीत वेळा लिहिल्या, पहाटे पाचपर्यंत अंतर पाऊण तासावर गेलं, दुसऱ्या रात्री तीन तासांवर. तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टे सोडले. डबल डायगोनल बोट साध्या फळ्यांच्या बोटीसारखी फुगून पूर्ण बंद होईलच असं नाही, म्हणून अंतर वाढायचं थांबलं आणि तरी पाणी येतंच असेल तर वाट बघत बसू नका, परत वर घ्या आणि ज्या सांध्यांजवळ थेंब दिसले होते तिथे खडूची खूण करून ठेवा.